गच्चीची वही : सातारा, एप्रिल ते ऑक्टोबर २०२५

५ एप्रिल, शनिवार

सकाळच्या एसटीने पुण्याहून आले. पिशवी खाली ठेवायच्या आधीच आई मागच्या खोलीत घेऊन गेली आणि वर बोट दाखवलं. छतावर ओलीचे सहा डाग आहेत. गेल्या जूनमध्ये चार होते. घर १९८८ सालचं, गच्ची ७८० चौरस फूट. स्लॅबवर विटांच्या तुकड्यांचा जुना कोबा, आणि त्यावर गेल्या वर्षी मारलेला केमिकलचा राखाडी थर. हा थर आता नखाने पापुद्र्यासारखा निघतो.

नवं काम सुरू करायच्या आधी गेल्या वर्षीचा हिशेब कागदावर आणला. काम ८५,००० रुपयांना ठरलं होतं. पहिल्या तीन दिवसांतच आप्पांनी ६०,००० दिले: २५,००० यूपीआयने आणि ३५,००० रोख. रोख रकमेची पावती नाही. तीन थर द्यायचे होते, एकच दिला. दुसऱ्या थरासाठी 'उद्या येतो' असं अकरा दिवस चाललं, मग फोन लागेनासा झाला. हातात आहे ते 'दहा वर्षांची गॅरंटी' छापलेलं एक रंगीत कार्ड. त्यावर पत्ता नाही, सही नाही, तारीखही नाही.

आप्पा या विषयावर बोलत नाहीत. एकतीस वर्षं शाळेत हिशेब शिकवलेला माणूस, 'मीच मूर्ख' एवढं म्हणून उठून गेले. फसवणारा उजळ माथ्याने फिरतो आणि लाज फसलेल्याच्या वाट्याला येते, हे मला सहन होत नाही. या वेळी प्रत्येक गोष्ट या वहीत लिहायची, आणि आप्पांना सोबत घेऊनच करायची.

१२ एप्रिल, शनिवार

तिघा मिस्त्रींना बोलावलं होतं. शेजारचे काका सार्वजनिक बांधकाम खात्यातून शाखा अभियंता म्हणून निवृत्त झालेत, त्यांनाही वर नेलं.

पहिला म्हणाला, जुना कोबा फोडायला नको, त्यावरच नवा टाकू, मजुरी वाचेल. काकांनी तिथेच थांबवलं. चार-साडेचार इंचाचा कोबा म्हणजे चौरस फुटाला वीस किलोच्या आसपास वजन. ७८० फुटांना पंधरा टनांहून जास्त. जुन्या स्लॅबवर जुन्या कोब्याचं ओझं आहेच, त्यावर तेवढंच आणखी चढवायचं? शिवाय खालचा कोबा पाणी धरून बसलाय, ते आतच कोंडलं जाणार.

दुसऱ्याने गच्ची नीट पाहिलीच नाही. जिन्यातूनच बारा वर्षांची गॅरंटी, निम्मी रक्कम आगाऊ आणि 'आज बयाणा दिला तर पाच हजार कमी'. ज्या दराची मुदत संध्याकाळी संपते त्या दराकडे बघायचंच नाही, हे मी पक्कं ठरवलंय. घाई ही आपल्याला विचार करू न देण्यासाठीच असते.

तिसरे मिस्त्री हातोडी घेऊन आले. अर्धा तास कोबा वाजवत फिरले. जिथे बद्द आवाज आला तिथे खडूने खुणा केल्या. पाणी कुठून उतरतं, पन्हळी किती, पॅरापेटच्या (कठड्याच्या) कडेचा वाटा, म्हणजे तळाशी दिलेली गोलाई, फुटलाय का, सगळं बघितलं. दर विचारला तर म्हणाले, "ताई, आधी टेप लावू." मजुरीचा दर ५५ रुपये चौरस फूट, माल आमचा. म्हणजे ४२,९०० रुपये. मला विचारा तर माल आणि मजुरी वेगळी ठेवणं हाच निम्मा बचाव आहे. 'मटेरियलसह' ठरलं की मालासाठी म्हणून मोठी उचल द्यावीच लागते आणि तिथेच पैसा कामाच्या पुढे धावतो.

अजून एक गोष्ट टिपून ठेवते. परवा इंटरनेटवरून मिळालेल्या एका नंबरवर चौकशी केली होती. तो म्हणाला, "व्हिजिट चार्ज ५०० रुपये, काम घेतलं नाही तर परत." आणि लगेच फोनवर पैसे मागणारी रिक्वेस्ट आली. मी नको म्हटल्यावर दुपारी दुसरी आली: 'परतावा घेण्यासाठी पिन टाका.' आईला आणि आप्पांना समोर बसवून सांगितलं, पिन लागतो तो पैसे देताना. पैसे घेताना कधीच लागत नाही. आईने ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवलं.

१३ एप्रिल, रविवार

तिसऱ्या मिस्त्रींना एकच अट घातली होती. गेल्या महिन्यात झालेलं काम दाखवू नका, दोन पावसाळे काढलेलं दाखवा. नव्या कोब्यावर सगळ्यांचंच काम देखणं दिसतं. त्यांनी गोडोलीतलं एक घर आणि करंज्यातलं एक घर सांगितलं. मिस्त्रींना सोबत न नेता आप्पा आणि मी गेलो.

घरमालकांना तीन गोष्टी विचारल्या. गळलं का? बोलावल्यावर परत आले का? बिल ठरल्यापेक्षा वाढलं का? गोडोलीच्या आजींकडे पहिल्या पावसात एका कोपऱ्यात ओल आली होती. मिस्त्री तिसऱ्या दिवशी येऊन दुरुस्त करून गेले, पैसे घेतले नाहीत. करंज्यात बिल चार हजारांनी वाढलं होतं, पण आधी विचारून. मला हे उत्तर 'कधीच काही झालं नाही' यापेक्षा जास्त विश्वासाचं वाटलं. परतीच्या वाटेवर आप्पा पहिल्यांदा स्वतःहून बोलले: "गेल्या वर्षी मी एकाही घरी गेलो नव्हतो."

१९ एप्रिल, शनिवार

कागद केला. तोंडी करारही कायद्याने करारच असतो, पण तो सिद्ध करायचा कसा, हे आमच्या घराइतकं कोणाला माहीत असणार. शंभराचा मुद्रांक आता चालत नाही म्हणून पाचशेचा आणला. मजकूर साध्या मराठीत, दीड पान.

काय काय लिहिलं ते इथे उतरवते. जुना कोबा स्लॅबपर्यंत काढायचा. राडारोडा गोणीत भरून खाली उतरवायचा, वरून बोळात टाकायचा नाही. स्लॅब घासून, धुऊन सिमेंटची स्लरी, म्हणजे पातळ घोळ. भिजवलेल्या विटांचे तुकडे, उतार दहा फुटांना सव्वा इंच. पॅरापेटला एक फूट उंच गोल वाटा. वर वॉटरप्रूफिंग कंपाऊंड घालून फिनिशिंग आणि दोरीने चौकटी. शेवटी पाणी भरून चार दिवस चाचणी. 'गच्ची वॉटरप्रूफ करणे' एवढंच लिहिलं असतं तर भांडणात त्याचा काडीचा उपयोग नव्हता.

पैशांचे टप्पे असे. कोबा निघून राडारोडा उतरला की ८,०००. विटांचा थर पुरा झाला की १६,०००. फिनिशिंग आणि वाटा झाला की ९,६००. पाण्याची चाचणी पार पडली की ५,०००. आणि उरलेले ४,३०० पावसाळा संपल्यावर. पहिल्या दिवशी माणसं हजर झाली की ३,००० उचल, ती पहिल्या टप्प्यातून वळती होणार. वाढीव काम निघालं तर आधी कागदामागे लिहून, रक्कम घालून, दोघांच्या सह्या. मगच हात लावायचा.

मी वाचून दाखवलं. मिस्त्री बराच वेळ गप्प. मला वाटलं दुखावले. मग म्हणाले, "ताई, कागद करायचा तर माझं बी लिहा." त्यांनी सांगितलेली गोष्ट मी विसरणार नाही. तीन वर्षांपूर्वी एका बंगल्याचं काम पुरं केलं. मालकाने टाइलचा रंग आवडला नाही म्हणून १८,००० अडवले, जे आजतागायत दिलेले नाहीत. टाइल मालकानेच आणली होती. मजुरांचे पगार मिस्त्रींनी घरातलं मोडून भागवले. त्यांच्याकडेही कागद नव्हता.

त्यांच्या दोन अटी जशाच्या तशा घातल्या. टप्पा पुरा झाल्यावर दोन दिवसांत पैसे. आणि आम्ही माल वेळेवर आणला नाही म्हणून माणसं बसून राहिली तर त्या दिवसाची हजेरी आम्ही भरायची. आप्पा लगेच म्हणाले, "बरोबर आहे, लिही." साक्षीदार म्हणून काकांनी सही केली. आधारची झेरॉक्स मागितली नाही. नाव, गावचा पत्ता आणि कागद हातात घेतलेला फोटो, एवढंच. एक प्रत त्यांना.

२० एप्रिल, रविवार

गेल्या वर्षीच्या माणसासाठी नोटिशीचा मजकूर तयार केला. तारखा, रक्कम, अपुरं राहिलेलं काम, पंधरा दिवसांची मुदत. उद्या रजिस्टर पोस्टाने जाईल. यूपीआयचा उतारा आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचं सगळं बोलणं काढून ठेवलं. ओळखीच्या वकील बाई म्हणाल्या, ग्राहक आयोगापुढे फोनवरचा पुरावा ठेवताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र जोडलेलं बरं. फोन बदलला तरी जुना फोन टाकून द्यायचा नाही.

२६ एप्रिल, शनिवार

माल आला. क्रश सँडची (दगड फोडून केलेल्या वाळूची) ट्रॉली 'एक ब्रास' म्हणून आली. ब्रास म्हणजे शंभर घनफूट. रिकामी व्हायच्या आत टेप लावली: लांबी १०, रुंदी साडेपाच, भराव दीड फूट. साडेब्याऐंशी. चालक म्हणाला, "सगळीकडं असंच असतंय." मी वाद घातला नाही. माप लिहिलं, फोटो काढला, दुकानात फोन केला आणि साडेब्याऐंशी फुटांचेच पैसे दिले. दुसरी ट्रॉली शिगोशीग भरून आली.

सिमेंट ४५ पोती. पोत्यावर आठवडा आणि साल छापलेलं असतं, ते प्रत्येकावर वाचलं. नऊ पोती यंदाच्या दुसऱ्या आठवड्यातली, म्हणजे साडेतीन महिने जुनी. परत केली. जुनं सिमेंट हवेतला ओलावा खातं आणि ताकद गमावतं. छतासाठी ते नकोच. बिल आप्पांच्या नावाने, जीएसटी नंबरासह घेतलं. पंधरा अक्षर-अंकांचा नंबर पोर्टलवर टाकून दुकानाचं नाव जुळतं का तेही पाहिलं.

गच्चीचे फोटो काढले: चारही कोपरे, पन्हळींची तोंडं, खालून छताचे सहाही डाग, बाजूला त्या दिवशीचं वर्तमानपत्र धरून.

२८ एप्रिल, सोमवार

सकाळी आठला मिस्त्री आणि पाच माणसं. ३,००० दिले. मी पुण्यात, आप्पांचा फोन आला, आवाजात उत्साह.

२ मे, शुक्रवार

कोबा निघाला. जिन्याच्या टोपीजवळ साधारण तीन फुटांत स्लॅबचं लोखंड उघडं, गंजलेलं. काम थांबवून मिस्त्रींनी आप्पांना वर नेलं आणि मला व्हिडिओ कॉल लावला. त्यांनी सहा हजार सांगितले. काकांनी पाहून काम नेमकं काय करायचं ते सांगितलं: सैल काँक्रीट काढणं, तारेच्या ब्रशने गंज घासणं, गंजरोधक थर, मग दुरुस्तीचा मॉर्टर. त्यावर बोलून मजुरी ३,५०० ठरली. कागदामागे लिहिलं, दोन्ही सह्या, मगच ब्रश लागला. ही नोंद नसती तर जूनमध्ये या आकड्याचं काय झालं असतं, मी सांगू शकत नाही.

३ मे, शनिवार

पहिल्या टप्प्याचे ८,००० वजा उचल ३,०००, म्हणजे ५,००० द्यायचे. मिस्त्रींचं यूपीआय नाही; म्हणाले मुलाच्या खात्यावर टाका. टाकले, पण पावती मिस्त्रींच्या सहीची घेतली: 'माझ्या सांगण्यावरून मुलाच्या खात्यावर मिळाले'. उद्या मुलगा म्हणाला की ते वेगळ्या व्यवहाराचे होते, तर? शेऱ्यात 'गच्ची टप्पा १' लिहिलं. यूपीआयमधली ती छोटी रिकामी जागा कोणी वापरत नाही, आणि पुराव्याला तीच बोलते. रोख द्यायची वेळ आली तर पाच हजारांवरच्या पावतीला एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट लागतं, म्हणून दहा तिकिटं आणून वहीत ठेवलीत.

१० मे, शनिवार

कठीण दिवस. मधे वळवाच्या सरी येऊन गेल्या, काम दोन दिवस मागे. संध्याकाळी मिस्त्री खाली येऊन बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, पंधरा हजार पाहिजेत. दोन माणसं लग्नासाठी गावी निघालीत, त्यांचा पगार द्यायचाय. विटांचा थर निम्मा झालेला.

आईला लगेच द्यावंसं वाटलं. मलाही. माणूस चांगला आहे, काम चांगलं आहे, आणि 'नाही' म्हणणं जिवावर येतं. गेल्या वर्षी आप्पांनी असेच दिले होते, तेही अशाच एका शनिवारी. मी मिस्त्रींना म्हटलं, चला, वर टेप लावू. ४१० चौरस फूट भरले. १६,००० च्या टप्प्यात ४१० फुटांचे ८,४०० होतात. ते आत्ता घ्या. लोखंडाचं वाढीव काम पुरं झालंय, त्याचे ३,५०० घ्या. एकूण ११,९००. झालेल्या कामाचा एक रुपयाही मी उद्यावर ठेवत नाही. न झालेल्या कामाचा देत नाही.

त्यांनी थोडा वेळ विचार केला आणि म्हणाले, "हिशोबानं दिलंत, चालतंय. पगार भागतोय त्यात." दोन माणसं त्याच रात्री गावी गेली. बुधवारी परत आली.

१६ मे, शुक्रवार

विटांचा थर मंगळवारीच झाला, उरलेले ७,६०० त्या रात्रीच पाठवले. आज फिनिशिंग आणि वाटा पूर्ण. आप्पांनी पाण्याच्या लेव्हल पाईपने उतार तपासला. एका टोकाला मिस्त्री, दुसऱ्या टोकाला आप्पा. दहा फुटांना सव्वा इंच, सगळीकडे, फक्त टाकीखाली थोडं कमी. तो पट्टा ओला असतानाच सुधारून घेतला. कंपाऊंडचं माप रोज आईने डब्यावरच्या प्रमाणाने स्वतः मोजून दिलं. ९,६०० पाठवले.

१९ मे, सोमवार

पन्हळींची तोंडं गोणपाटाने बुजवली, कडेने मातीचा बांध. चार इंच पाणी. चार दिवस.

२२ मे, गुरुवार

वरून पाऊसही जोराचा. अवकाळी म्हणावा तर थांबत नाही. आज सकाळी स्वयंपाकघराबाहेरच्या कोपऱ्यात, पश्चिमेच्या पन्हळीखाली, तळहाताएवढी ओल. आईचा आवाज फोनवर कापत होता. मी तिला डागाभोवती पेन्सिलने रेघ मारून वेळ लिहायला सांगितलं. दुपारी डाग रेघेच्या बोटभर बाहेर.

मिस्त्रींना सांगितलं. वाद नाही, सबब नाही. "पन्हळीच्या गळ्याला असणार. पाणी सोडा, शनिवारी येतो."

२४ मे, शनिवार

आले. पन्हळीच्या पाईपभोवतीचा मसाला फोडला. पाईप आणि स्लॅबच्या मधे आगपेटीची काडी जाईल एवढी फट. न आकुंचणारा ग्राउट, म्हणजे फटीत भरायचा मसाला, भरला, वाटा परत ओढला, प्लास्टिक अंथरून वर विटा ठेवल्या. मजुरी मागितली नाही. ९,३०० अजून आमच्याकडे होते हे दोघांनाही ठाऊक होतं, आणि त्याचा उल्लेखही करावा लागला नाही.

बातम्यांत: मान्सून आज केरळात.

२६ मे, सोमवार

काल मान्सून महाराष्ट्रात शिरला आणि आज मुंबईत पोचला, मुंबईच्या नोंदींतला आजवरचा सर्वांत लवकर. अजिंक्यतारा दिवसभर ढगात. आमच्या गच्चीची फट दोन दिवस आधीच बुजली.

२ जून, सोमवार

आठ दिवसांच्या पावसात पेन्सिलची रेघ कोरडी. पुन्हा बांध घालून पाणी भरायची गरज काकांना वाटली नाही. ५,००० पाठवले. राहिले ४,३००.

१२ जुलै, शनिवार

गेल्या वर्षीची नोटीस 'सदर पत्त्यावर राहत नाही' शेरा घेऊन मे महिन्यातच परत आली होती. पाकीट न उघडता ठेवलंय. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवली; समोरून उत्तर नाही. आज जिल्हा ग्राहक आयोगाकडे ई-जागृती या ऑनलाइन पोर्टलवरून तक्रार भरली. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे दोन वर्षांच्या आत यावं लागतं, आपण आहोत. कामासाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असली तर शुल्क नाही. आपण राहतो त्या जिल्ह्यात दाखल करता येते, त्याच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत.

मागणीत ६०,००० लिहिले. वकील बाईंनी स्पष्ट सांगितलं, २५,००० चा पुरावा पक्का आहे. ३५,००० साठी आधार आहे तो त्याने आप्पांना पाठवलेल्या एका संदेशाचा: 'काका कॅश मिळाली थँक्स'. रक्कम लिहिलेली नाही. आप्पांनी स्वतःचं प्रतिज्ञापत्र स्वतःच्या अक्षरात लिहून काढलं, मग टाइप करून घेतलं. एकदाही 'मीच मूर्ख' म्हणाले नाहीत.

१ ऑक्टोबर, बुधवार

खंडेनवमी. छतावर नवा डाग नाही. जुन्या सहा जागा सुकून पांढऱ्या पडल्यात, दिवाळीआधी रंग देऊ.

४,३०० द्यायला आप्पा आणि मी मिस्त्रींच्या घरी गेलो. ओटीवर पाटावर थापी, ओळंबा, रंधा, हातोडी, टेप मांडून झेंडू वाहिला होता. आप्पांनी या वेळी रोख नेले होते, नव्या नोटा. खिशातून पावतीपुस्तक काढलं, चष्मा लावला आणि अक्षरी रक्कम लिहिली: 'रुपये चार हजार तीनशे मात्र, गच्चीच्या कामाची शेवटची रक्कम, आता येणे बाकी काही नाही.' मिस्त्रींनी सही केली. रक्कम पाच हजारांच्या आत, तिकीट लागत नव्हतं. मिस्त्रींनी विचारलं, त्या दीड पानी कागदाची कोरी प्रत मिळेल का, सदर बझारात एक मोठं काम ठरतंय. आप्पा म्हणाले, "उद्या दसरा आहे, घरी या. मी तुमच्यासाठी दोन प्रती लिहून ठेवतो."